पोलोला व्हेंटोचा मीटर: कपलर बसतो, बाकीचं जुळवावं लागतं

"कपलर (तारांचा जोड) सेम आहे, काढा आणि लावा," असं सांगून जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानदाराने मला फोक्सवॅगन व्हेंटोचा, डॅशबोर्डवर वेग, किलोमीटर आणि इंधन दाखवणारा मीटर दिला. माझी पोलो २०११ ची, खालच्या व्हेरियंटची. तिच्या मीटरमध्ये ट्रिप कॉम्प्युटर नव्हता. ॲव्हरेज किती पडतंय, टाकीतल्या इंधनावर अजून किती जाता येईल, बाहेर तापमान किती आहे, यातलं काहीच दिसायचं नाही. व्हेंटोच्या वरच्या मॉडेलच्या मीटरमध्ये हे सगळं होतं. घरी आणून लावला तर कपलर खरंच बसला. किल्ली फिरवली, दिवे लागले. सेल मारला, इंजिन चालू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. जुना मीटर परत लावल्यावर गाडी पहिल्याच सेलला सुरू होऊन शांत चालू राहिली.

त्या दिवसानंतर हे काम मी मुळापासून शिकलो. स्वतःच्या गाडीचं केलं, मग मित्रांच्या गाड्यांचं करताना सोबत बसलो. खालच्या मॉडेलला वरचा मीटर लावण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांना असते, आणि त्यात चूक काही नाही. फक्त मीटर म्हणजे नुसती काट्यांची पाटी नाही, हे आधी पटायला हवं. तुमची किल्ली खरी आहे का याची नोंद त्याच्यात असते, गाडी किती चालली याची नोंद त्याच्यात असते, आणि टाकीतल्या फ्लोटकडून येणाऱ्या सिग्नलचे लिटर तोच करतो. स्क्रू काढायला वीस मिनिटं पुरतात. बाकी सगळा वेळ या तीन नोंदी नव्या मीटरमध्ये खऱ्या उतरवण्यात जातो.

आधी बघा, तुमची गाडी कोणत्या काळातली

सगळ्यात जुन्या गाड्यांत, म्हणजे मारुती ८०० किंवा ओम्नीमध्ये, गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरणारी केबल असते. जपानी मानकाप्रमाणे ही केबल एका किलोमीटरला ६३७ फेरे घेते. पुष्कळ युरोपीय मीटर किलोमीटरला १००० फेऱ्यांवर बेतलेले असतात. असा मीटर ६३७ च्या केबलला जोडला तर काटा खऱ्या वेगाच्या जेमतेम ६४ टक्क्यांवर राहील आणि किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातील. हा आकडा कित्येकदा डायलवरच बारीक अक्षरांत छापलेला असतो. केबलच्या गाडीत मीटर घेताना तो आकडा जुळतो का, हा पहिला प्रश्न.

त्यानंतरच्या गाड्यांत केबल गेली आणि गिअरबॉक्सवर स्पीड सेन्सर आला. एका फेऱ्याला चार पल्स देणारा सेन्सर असेल तर किलोमीटरला ६३७ गुणिले ४, म्हणजे २५४८ पल्स होतात. याच पिढीत आरपीएम मीटरची एक चूक वारंवार होते. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडर इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन स्पार्क पडतात, तीन सिलिंडरच्या इंजिनात दीड. आरपीएम मीटर स्पार्कच्या पल्स मोजत असेल तर चार सिलिंडरचा मीटर तीन सिलिंडरच्या गाडीत २००० च्या जागी १५०० दाखवणार. वॅगन आरमध्ये हे सहज घडू शकतं, कारण नाव एकच असलं तरी जुन्या गाडीचं १०६१ सीसीचं एफ१०डी इंजिन चार सिलिंडरचं आणि २०१० मध्ये आलेलं ९९८ सीसीचं के१०बी तीन सिलिंडरचं. कमी आरपीएम दाखवणारा मीटर मला जास्त घातक वाटतो. काट्यावर विश्वास ठेवून माणूस इंजिन नको तितकं ओढतो.

तिसरी पिढी कॅन बसची. इथे वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान हे सगळं दोन तारांवरून आकड्यांच्या रूपात मीटरपर्यंत येतं. सिलिंडर किती, हा प्रश्न उरत नाही. पण मीटर आता एक कॉम्प्युटर झालेला असतो आणि बाकीचे कॉम्प्युटर त्याला ओळखतात की नाही, हे महत्त्वाचं होतं. पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड या तिन्ही चाकणच्या कारखान्यात बनलेल्या, एकाच प्लॅटफॉर्मच्या गाड्या. पुढचं सगळं मुख्यतः यांना धरून लिहितो. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत कामाचा क्रम हाच राहतो, तपशील त्या गाडीच्या वायरिंग डायग्रामवरून घ्यायचे.

२०१९ नंतरच्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहायची. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या कारना ८० च्या पुढे थांबून थांबून आणि १२० च्या पुढे सलग वाजणारा वेगाचा इशारा सक्तीचा झाला. तो आवाज मीटरच देत असेल आणि तुम्ही त्याआधीच्या गाडीचा मीटर लावला, तर सुरक्षेची एक सोय तुम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकता. असा बदल करू नये.

कोणता मीटर घ्यावा

एकाच प्लॅटफॉर्मच्या गाड्या असल्या तरी टाक्या वेगळ्या आहेत. पोलोची टाकी ४५ लिटरची, व्हेंटो आणि रॅपिडची ५५ लिटरची. टाकीतला फ्लोट मीटरला लिटर सांगत नाही, फक्त रेझिस्टन्स सांगतो. त्या रेझिस्टन्सला किती लिटर समजायचं याचा तक्ता मीटरच्या आत असतो. व्हेंटोच्या मीटरला पोलोच्या टाकीचा तक्ता ठाऊक नाही. त्यामुळे काटा कुठे ना कुठे चुकतो, रिझर्व्हचा दिवा वेळेवर लागेल याची खात्री राहत नाही, आणि "अजून इतके किलोमीटर" हा आकडा तर त्याच लिटरांवरून काढलेला असतो. म्हणून पोलोला शक्यतो पोलोच्याच वरच्या मॉडेलचा मीटर घ्या. तो मिळतच नसेल आणि व्हेंटोचा घ्यायचा असेल, तर कोडिंग करणाऱ्याला, म्हणजे कॉम्प्युटर जोडून मीटरची सेटिंग गाडीला जुळवणाऱ्याला, पैसे देण्याआधी विचारा, "पोलोच्या टाकीचा तक्ता यात बसवता येतो का?" उत्तर गुळमुळीत आलं तर तो मीटर सोडा.

पेट्रोल गाडीला पेट्रोलचाच मीटर, डिझेलला डिझेलचाच. आरपीएमच्या डायलवरची लाल पट्टी छापील असते, ती कोडिंगने सरकत नाही. डिझेलच्या मीटरमध्ये ग्लो प्लगचा दिवा असतो. ऑटोमॅटिक गाडीच्या मीटरच्या डिस्प्लेत गिअरची जागा असते. एअरबॅग किती, एबीएस आहे का, ईएसपी (गाडी घसरू न देणारी व्यवस्था) आहे का, हेही दोन्ही गाड्यांचं पडताळा. इंग्लंडमधून आलेले मीटर ऑनलाइन स्वस्तात दिसतात, पण त्यांचा मुख्य डायल मैलांत असतो. आपल्या रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी किलोमीटरमध्ये आणि डोळ्यांसमोरचा काटा मैलांत, असा गोंधळ रोज डोक्यात ठेवून गाडी चालवू नये.

वरच्या मीटरला सोबत काय काय लागतं, हेही आधीच मोजा. ट्रिप कॉम्प्युटरचे पडदे बदलायला वायपरच्या दांडीवर बटणं असलेला वेगळा स्टॉक, म्हणजे ती दांडीच, लागतो. बाहेरचं तापमान दाखवायला पुढच्या बंपरमागे सेन्सर आणि त्याच्या तारा लागतात. खालच्या व्हेरियंटमध्ये ही दोन्ही नसण्याचीच शक्यता जास्त. मी फक्त मीटरचा खर्च धरला होता. स्टॉक, सेन्सर आणि कोडिंग धरल्यावर बेरीज जवळपास दुप्पट झाली.

आता खरेदी. कुर्ल्याला सीएसटी रोडवर, पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या. पण मीटरच्या पाठीवरच्या लेबलचा स्वच्छ फोटो आधी मागा. पार्ट नंबरच्या शेवटच्या अक्षरालाही अर्थ असतो. एका अक्षराच्या फरकाने मीटर वेगळ्या वर्षाचा किंवा वेगळ्या सुविधांचा निघतो. तुमच्या जुन्या मीटरचा नंबर आणि हा नंबर घेऊन कोडिंग करणाऱ्याकडे जा, त्याचा होकार घ्या, मगच पैसे द्या. मीटर चालू स्थितीत किती किलोमीटर दाखवतो, याचाही फोटो हवा. आणि बिल घ्याच. ज्या गाडीतून मीटर निघाला तिचा चेसिस नंबर किंवा स्क्रॅप झाल्याचा कागद मिळाला तर उत्तम. चोरीचा माल माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असूनही घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि मीटरमध्ये मूळ गाडीची ओळख साठवलेली असते.

पाना हातात घेण्याआधी

या पायरीवर घाई करू नका. गाडी चालू असताना, सगळं ठीक असताना, पूर्ण स्कॅन काढा. फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएससारखं (गाडीतले कॉम्प्युटर वाचणारं) साधन असलेला माणूस गाठा. सगळ्या मॉड्यूलमधले (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमधले) एरर, मीटरचं सध्याचं कोडिंग (या गाड्यांत मीटरचा पत्ता १७, इमोबिलायझरचा, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या व्यवस्थेचा, २५), ॲडाप्टेशनच्या (जुळवणीच्या) किंमती, हे सगळं फाइलमध्ये साठवून ती फाइल स्वतःकडे ठेवा. नंतर एखादा दिवा पेटला तर तो आधीपासूनचा की तुमच्या कामामुळे लागला, हे या फाइलवरूनच कळतं.

किलोमीटरचा फोटो काढा, त्यात तारीख दिसेल असा. माझ्या गाडीवर त्या दिवशी ८६,४१२ होते. इंधनाचा काटा कुठे आहे, त्याचाही फोटो घ्या.

दोन्ही किल्ल्या शोधून ठेवा. इमोबिलायझरला किल्ल्या शिकवताना सगळ्या एकाच बैठकीत शिकवाव्या लागतात. त्या वेळी जी किल्ली घरी कपाटात राहील, तिच्याने नंतर दार उघडेल पण इंजिन चालणार नाही. माझ्या मित्राची दुसरी किल्ली त्याच्या भावाकडे नाशिकला होती, त्यामुळे ते काम आम्ही एक आठवडा पुढे ढकललं. पुढे ढकललं हेच बरं झालं.

रेडिओला कोड लागत असेल तर तो शोधून ठेवा, बॅटरी काढली की विचारला जाऊ शकतो.

मीटर बाहेर काढणे

गाडी सावलीत, सपाट जागी लावा. उन्हात तापलेलं प्लॅस्टिक वाकतं आणि थंडीत कडक झालेलं तुटतं. कोमट असताना क्लिपा सर्वांत नीट सुटतात. किल्ली काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि दहा मिनिटं थांबा. एअरबॅगला आपण हात लावणार नाही, पण तिच्या शेजारी काम करणार आहोत.

स्टिअरिंगचा लिव्हर सोडून कॉलम पूर्ण खाली आणि स्वतःकडे ओढून घ्या. कॉलमवर जाड कापड टाका, नाहीतर बाहेर येणारा मीटर तिथेच घासतो. कॉलमवरचं झाकण आणि मीटरभोवतीची चौकट क्लिपांवर असते. ती प्लॅस्टिकच्या पट्टीने, कडेने हळूहळू सोडा. स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलंत तर डॅशबोर्डवर कायमचा व्रण राहतो. चौकट निघाली की मीटर धरून ठेवणारे दोन टॉर्क्स स्क्रू दिसतात, बहुधा टी-२० मापाचे. ते काढताना खाली, कॉलमच्या फटीवर चिंधी कोंबा. स्क्रू आत पडला तर तो शोधायला अर्धा डॅशबोर्ड उघडायची वेळ येते.

मीटर वरच्या बाजूने स्वतःकडे झुकवा. मागे एकच मोठा कपलर आहे, त्याला अडकवणारा लिव्हर असतो. खटका दाबून लिव्हर पूर्ण फिरवला की कपलर स्वतःहून बाहेर येतो. ओढावा लागत असेल तर लिव्हर अजून अर्धवट आहे, असं समजा. तारेला धरून कधीही ओढू नका. हातातल्या स्थिर विजेमुळे आतली चिप जाऊ शकते, म्हणून मीटरला हात लावण्याआधी बॉडीच्या उघड्या धातूला हात लावा. काट्यांना बोट लावू नका आणि काचेला पेट्रोल, थिनर, स्पिरिट काहीही लावू नका. ती काच प्लॅस्टिकची असते, रसायनाने तिच्यावर जाळं उठतं. ओल्या मऊ कापडाने पुसलेलं पुरतं.

पिना जुळवणे

कपलर बसला म्हणजे पिना जुळल्या, असं नाही. दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम मिळवा आणि वहीत चार रकाने आखा: पिन नंबर, माझ्या गाडीत ती तार काय आणते, नव्या मीटरला तिथे काय हवं आहे, जुळतं का. जर्मन डायग्राममध्ये काही आकडे सगळीकडे सारखे असतात: ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा पॉझिटिव्ह, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा पॉझिटिव्ह, ३१ म्हणजे अर्थ. हे तीन आणि कॅनच्या दोन तारा आधी जुळवा. ज्या पिनेवर नव्या मीटरला सेन्सरचा बारीक सिग्नल अपेक्षित आहे तिथे तुमच्या गाडीची १२ व्होल्टची तार येत असेल, तर किल्ली फिरवताक्षणी मीटर जळेल. अशी पिन कपलरमधून काढून तिच्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि तिच्यावर पिन नंबराची चिठ्ठी लावा.

शक्य असेल तर मीटर गाडीत लावण्याआधी टेबलावर तपासा. ३० आणि १५ ला १२ व्होल्ट, ३१ ला अर्थ, आणि पॉझिटिव्हच्या तारेत एक अँपिअरचा फ्यूज. दिवे लागतात का, डिस्प्लेतल्या रेघा गायब आहेत का, किलोमीटर फोटोतल्याइतकेच दिसतात का, हे दुकानातच पाहून घेता आलं तर सर्वांत चांगलं. पुढे भांडायची वेळ येत नाही.

तापमानाच्या सेन्सरच्या तारा नव्याने ओढाव्या लागल्या तर अर्धा चौरस मिलिमीटरची तार पुरते. बोनेटमधून आत येताना फायरवॉलच्या मूळ रबरातूनच न्या, पत्र्याला नवीन भोक पाडू नका. पावसाळ्यात पाणी त्याच वाटेने आत येतं. पेडल आणि स्टिअरिंगच्या शाफ्टपासून तार लांब बांधा. पिळून टेप मारलेला सांधा वर्षभरात हिरवा पडतो. क्रिंप किंवा सोल्डर करून हीट श्रिंक, त्यावर कापडी टेप, असं करा. वायपरचा स्टॉक बदलायला मात्र स्टिअरिंग आणि त्यावरची एअरबॅग उतरवायची वेळ येते. ते काम घरी करू नका. शिकलेल्या हातांकडे द्या.

किल्ली आणि किलोमीटर

आता माझी गाडी दोन सेकंदांत का बंद पडली, ते सांगतो. किल्लीच्या डोक्यात बॅटरीशिवाय चालणारी चिप असते. इग्निशन लॉकभोवतीची कॉइल ती वाचते आणि या गाड्यांत ती कॉइल मीटरला जोडलेली असते. मीटर किल्ली ओळखतो, मग इंजिनच्या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) आपली ओळख पटवतो. ती पटली तरच ईसीयू इंजिन चालू ठेवतो. व्हेंटोच्या मीटरला माझी किल्ली अनोळखी होती आणि माझ्या ईसीयूला तो मीटर अनोळखी होता. ही चोरीविरुद्धची व्यवस्था आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. "इमोबिलायझर ऑफ करून देतो" म्हणणारे भेटतील. त्यांना नकार द्या. तसं केलं तर कुठल्याही कापलेल्या किल्लीने तुमची गाडी सुरू होईल.

सरळ मार्ग दोन आहेत. पहिला, अधिकृत सर्व्हिस सेंटर. या गाड्यांच्या चौथ्या पिढीच्या इमोबिलायझरचं जुळणं कंपनीच्या सर्व्हरशी ऑनलाइन जोडूनच होतं. तिथे आरसी, ओळखपत्र आणि दोन्ही किल्ल्या न्या. वापरलेला मीटर ते घेतीलच असं नाही, आधी विचारून जा. दुसरा मार्ग, मीटरची कामं रोज करणारा चांगला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. तो तुमच्या जुन्या मीटरच्या मेमरीतली तुमच्याच गाडीची ओळख आणि किलोमीटर नव्या मीटरमध्ये उतरवतो. त्याच्याकडे जाताना दोन्ही मीटर न्या आणि एक अट घाला: काहीही लिहिण्याआधी दोन्ही मेमरींची पूर्ण प्रत काढायची आणि ती तुम्हाला द्यायची. प्रत असेल तर बिघडलेलं काम परत आणता येतं.

किलोमीटरबद्दल मी ठाम आहे. गाडी जितकी चालली तितकेच नव्या मीटरवर दिसले पाहिजेत. माझ्या व्हेंटोच्या मीटरवर ४१,३०० होते. ते तसेच ठेवले असते तर गाडी एका दिवसात ४५,११२ किलोमीटरने तरुण झाली असती. पुढे ती विकताना समोरचा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसे देतो, टायमिंग बेल्टचा हिशेब त्यावरून करतो. खोटा आकडा दाखवून विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. चुकीचा आकडा दाखवणारी गाडी तुम्ही स्वतः वापरत असलात तरी सर्व्हिस चुकणार. कमी किलोमीटरवर विम्याचा हप्ता ठरवणाऱ्या पॉलिसींना विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली. तशी पॉलिसी असेल तर मीटर बदलण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा.

अगदी नवा मीटर घेतला तर त्याने स्वतः शंभर किलोमीटर मोजण्याच्या आत खरा आकडा त्यात एकदाच भरता येतो. तो भरताना दोन माणसांनी वाचून घ्या. एक शून्य जास्त पडलं तर परत फिरता येत नाही. वापरलेल्या मीटरवर तुमच्या गाडीपेक्षा जास्त किलोमीटर असतील आणि ते खरे करून देणारा कोणी मिळत नसेल, तर तो मीटर घेऊच नका.

कोडिंग

हे काम चालू असताना बॅटरी उतरता कामा नये, चार्जर जोडून ठेवा. कोडिंगमध्ये देश, सुविधा, ट्रिप कॉम्प्युटर चालू की बंद, अशा गोष्टी असतात. जुन्या मीटरचं साठवलेलं कोडिंग शेजारी ठेवून फरक फक्त हव्या त्या जागी करा. सर्व्हिसचं अंतर आणि पुढची तारीख जुन्या मीटरप्रमाणे भरा.

तपासणी

किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली की एअरबॅग, एबीएस, ऑइल, बॅटरी हे दिवे लागले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर ती आनंदाची गोष्ट नव्हे. दिवा मेलेला असू शकतो किंवा कुणीतरी मुद्दाम झाकलेला असू शकतो. ज्या मीटरमध्ये हा दिवा लागत नाही तो मीटर माझ्या गाडीत राहणार नाही. हँडब्रेक, दार, इंडिकेटर, अप्पर-डिप्पर, फॉग, सीटबेल्ट, एकेक करून पाहा. मग पुन्हा पूर्ण स्कॅन करा आणि पहिल्या फाइलशी ताडा.

वेगासाठी फोनवरचं जीपीएस पुरतं. सरळ रिकामा रस्ता, शेजारी दुसरा माणूस आकडे टिपायला. मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. थोडा जास्त चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त फरक खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी इतका असू शकतो. खरा वेग ८० असताना मीटरवर ८० ते ९२ च्या मधलं काहीही नियमात बसतं. टायरच्या मापाची काळजी अनेकांना वाटते. पोलोचे १७५/७० आर१४ आणि १८५/६० आर१५ यांच्या व्यासात ०.४ टक्क्यांचा फरक आहे, तो सोडून द्या. किलोमीटर तपासायला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरचे अंतराचे दगड धरा. दहा किलोमीटरला ट्रिप मीटरवर ९.९ ते १०.१ आलं तर समाधान माना.

इंधनाची तपासणी वेळखाऊ आहे, पण ती टाळू नका. रिझर्व्हचा दिवा लागला की पंपावर जाऊन १० लिटर भरा, काट्याचा फोटो काढा. पुढच्या खेपेला आणखी १०, पुन्हा फोटो. टाकी भरेपर्यंत हे केलं की तुमचा काटा कुठे खोटं बोलतो ते कळतं. ही तपासणी होईपर्यंत डिकीत टो करायचा पट्टा असू द्या आणि रात्री घाटात पाव टाकीच्या खाली जाऊ नका.

ॲव्हरेजचा आकडा शेवटी. नोझल पहिल्यांदा बंद होईपर्यंत टाकी भरा, तीनशेक किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा आणि भागाकार करा. माझ्या मीटरने १७.२ दाखवले, हिशेबाने १६.१ आले. म्हणजे मीटर वापर सुमारे ७ टक्के कमी धरत होता. बऱ्याच मीटरमध्ये ही टक्केवारी दुरुस्त करता येते, मूळ १०० असते, मी १०७ केली. पुढच्या दोन टाक्यांना फरक दशांशात आला.

कागद आणि जुना मीटर

आरसीवर मीटरची नोंद नसते, त्यामुळे आरटीओत जायचं काम नाही. पण सर्व्हिस बुकात तारीख, जुन्या मीटरचा शेवटचा आकडा, नव्याचा सुरुवातीचा आकडा आणि काम करणाऱ्याचा शिक्का घ्या. बिलावरही हेच दोन आकडे लिहून मागा. माझ्या ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक छोटं स्टिकर आहे: मीटर बदलल्याची तारीख आणि ८६,४१२.

जुना मीटर विकू नका. त्यात तुमच्या गाडीची आणि किल्ल्यांची ओळख आहे, आणि नवा कधी दगावला तर गाडी सुरू करून देणारा तोच आहे. बबल रॅपमध्ये गुंडाळा, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, डब्यात मेमरीच्या प्रतीचा पेनड्राइव्ह टाका, आणि गाडी ज्याला द्याल त्याच्या हाती किल्ल्यांबरोबर हा डबाही द्या.